गवताची मुसळं

महाभारताचं सोळावं पर्व म्हणजे मौसलपर्व. कुरुक्षेत्रावरच्या लढाईला तेव्हा छत्तीस वर्षं झालेली असतात. द्वारकेतली काही उनाड पोरं कृष्णाच्या मुलाला, सांबाला, गरोदर बाईचा वेष देतात आणि आलेल्या ऋषींना विचारतात, हिला काय होणार सांगा. ऋषी संतापतात. हिला लोखंडाचं मुसळ होईल आणि त्यानंच तुमचं कूळ बुडेल, असा शाप देतात. मुसळ होतं. राजा त्याचा भुगा करून समुद्रात टाकायला लावतो. त्या भुग्यातून किनाऱ्यावर एरका नावाचं गवत उगवलं, ही पुराणांनी नंतर घातलेली भर आहे.

मग सगळे यादव प्रभासक्षेत्री जातात. खाणंपिणं चालतं, मद्य चढतं. कुरुक्षेत्रावर विरुद्ध बाजूंनी लढलेल्या दोघांपैकी सात्यकी कृतवर्म्याला टोचतो, झोपलेल्यांना मारणारा क्षत्रिय तूच ना? कृतवर्मा उलटून भूरिश्रव्याची आठवण देतो. हात तुटलेला, प्राणत्यागाला बसलेला तो म्हातारा तू मारलास, त्याचं काय? छत्तीस वर्षं दोघं एकाच नगरीत राहिलेले, एका पंगतीला जेवलेले. सात्यकी उठून कृतवर्म्याचं डोकं उडवतो. त्यावर कृतवर्म्याकडचे लोक सात्यकीवर तुटून पडतात, आणि त्यांच्या हातात जे असतं त्यानं मारतात. हातात असतात उष्टी भांडी. काठावरचं गवत नंतर उपटलं जातं आणि त्याची पाती मुठीत येताच लोखंडाची मुसळं होतात. बाप मुलाला मारतो, मुलगा बापाला.

या गोष्टीनं आपल्या भाषेला एक शब्द दिला, यादवी. आजची वर्तमानपत्रं गृहयुद्ध म्हणतात. तो शब्दही बरा आहे, पण तो लढाईची जागा तेवढी सांगतो. परक्याशी होत नाही ते युद्ध, घरात होतं ते. यादवी त्याहून पुष्कळ जास्त सांगते. मारणारे एकमेकांना ओळखत होते, जुनी खोड कुठली आणि कुणाची हे दोघांनाही पाठ होतं, हत्यार बाहेरून आणावं लागलं नाही, आणि सुरुवात झाली ती जेवणाच्या भांड्यांनी. यादवीबद्दल पुढे जे सांगायचं आहे, त्याचा बराचसा भाग या शब्दातच आहे.

शेजारचा शब्द भाऊबंदकी. हे दोन शब्द आपण सैलपणे वापरतो, पण गावात राहिलेल्याला त्यांतला फरक कळतो. भाऊबंदकी बांधावरून होते, विहिरीच्या पाळीवरून होते, वाटणीपत्रावरून होते. डोकी फुटतात, तारखा पडतात, तिसरी पिढी कोर्टात जाते. पण वर कुणीतरी आहे, हे दोन्ही भावांना मान्य असतं: पंच, तहसीलदार, न्यायाधीश. यादवीत हे वरचं छप्परच उडालेलं असतं. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटून आले आणि ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला, तेव्हा मराठी राज्यात हेच झालं. भीमाकाठी खेडला लढाई झाली, ताराबाईंच्या बाजूनं आलेले धनाजी जाधव शाहूंना मिळाले, आणि शेवटी सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. वारणेचा तह व्हायला १७३१ साल उजाडावं लागलं. तोवर वतनदार घराण्यांना एकच चिंता होती, कुठल्या छत्रपतीची सनद चालेल? भाऊबंदकी तिथंही होतीच. पण निकाल देणारं सिंहासनच दुभंगलं, तेव्हा तिची यादवी झाली.

आता गोदावरीच्या काठाला येऊ. गंगाखेडहून लोहा-नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्यावर पालम लागतं. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. मौसलपर्वातल्यासारखं लव्हाळं इथंही नदी-ओढ्याच्या काठानं माजतं. या पट्ट्यातली जुनी माणसं वय इसवी सनात सांगत नसत. ‘रझाकारात मी पाळण्यात होते’, ‘रझाकारात थोरला झाला’, असं सांगत. एका संघटनेचं नाव इथं काळाचं नाव होऊन बसलं. दुष्काळाचं तसं होतं, पटकीच्या साथीचं होतं. शाळेच्या पुस्तकात त्याच काळाला हैदराबाद मुक्तिसंग्राम म्हणतात, सरकारी दप्तरात ‘पोलीस अ‍ॅक्शन’, लष्करात ‘ऑपरेशन पोलो’. यादवी मात्र त्याला कुणी म्हणत नाही. म्हणावं का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण यादवी म्हणजे काय हे त्याच्या उत्तरात उलगडत जातं.

आधी मोठं चित्र. निजामाचं हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचं होतं: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. १९४१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या आसपास. दर आठ माणसांत साधारण एक मुसलमान, राज्यकारभाराची भाषा उर्दू, गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान. जून १९४७ मध्ये निजामानं फर्मान काढलं, आपण ना हिंदुस्थानात जाणार ना पाकिस्तानात. ऑगस्टमध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं सामिलीकरणासाठी आंदोलन सुरू केलं आणि १५ ऑगस्टलाच स्वामीजींना अटक झाली. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. इकडे मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेची सूत्रं लातुरात वकिली करणाऱ्या कासिम रझवीकडं आली होती आणि तिचे स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, हत्यारं घेऊन खेड्यापाड्यांत फिरू लागले होते. बिलोली भागातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या तर ऑक्टोबर १९४६ मध्येच झाली होती.

दुसऱ्या बाजूचे लोकही हातावर हात ठेवून बसले नव्हते. सरहद्दीपलीकडं, वऱ्हाडात उमरखेडला, सोलापूर-नगरच्या बाजूला, स्टेट काँग्रेसची शिबिरं उभी राहिली. तिथून माणसं आत यायची, करोडगिरीची नाकी जाळायची, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं पेटवायची. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे नेमकी गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीची बँक लुटली गेली. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९४६ पासून पेटलेला होता आणि तो देशमुखांच्या गढ्यांवर चालून जात होता.

या सगळ्याला काय म्हणायचं? विद्वानांनी यादवी मोजायच्या फूटपट्ट्या तयार केल्या आहेत. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध मोजणीत वर्षाला किमान १,००० माणसं लढाईत मरावी लागतात, एक बाजू सरकारची असावी लागते आणि दुबळ्या बाजूनंही मार परतवलेला असावा लागतो. एकतर्फी कत्तल यादवीत धरत नाहीत. स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठाच्या मोजणीत २५ मृत्यूंपासून ‘सशस्त्र संघर्ष’ आणि १,००० पासून ‘युद्ध’. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या राज्यशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अशाच मोजणीतून हिशेब मांडला: १९४५ ते १९९९ या काळात राष्ट्राराष्ट्रांत २५ युद्धं झाली आणि त्यांत तेहतीस लाखांवर माणसं मेली; यादवी युद्धं १२७ झाली आणि त्यांनी एक कोटी बासष्ट लाखांच्या आसपास जीव घेतले. राष्ट्राराष्ट्रांतलं युद्ध सहसा काही महिन्यांत मिटतं. यादवी सहा-सहा वर्षं चालते.

त्यांचा दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. एका देशात किती धर्म, किती भाषा, किती जाती आहेत यावर यादवी ठरत नाही. गरिबी, खेड्यापर्यंत न पोचणारं दुबळं सरकार, लपायला जागा देणारा मुलूख, यांवर ती ठरते. माणसं वेगळी आहेत म्हणून ती एकमेकांना मारतात, हा समज सोपा आहे आणि बहुधा चुकीचा आहे. तसं असतं तर पालमसारख्या गावात रोजच लढाई झाली असती. शेकडो वर्षं तिथं दर्ग्याला नवस बोलणारे आणि पंढरीला पायी जाणारे लोक एकाच आठवडी बाजारात भाव करत आले आहेत.

१९४७-४८ च्या हैदराबादेत सरकार होतं की नव्हतं? कागदावर होतं. लेव्हीचं धान्य उचलायला माणूस यायचा. पण त्याच सरकारनं स्वतःचा दंडुका एका खाजगी टोळीच्या हाती दिला होता. पोलिसाच्या शेजारी रझाकार उभा राहिला की तक्रार कुणाकडं करायची? भाऊबंदकीवरचं छप्पर उडतं ते असं. गावातल्या माणसाला मुत्सद्देगिरी कळत नसेल, पण आजपासून पाटलाच्या शब्दाला कोण विचारतो आणि कोण विचारत नाही, हे त्याला त्याच दिवशी कळतं.

इथं एक गोष्ट जवळून पाहू. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात बळद असायचं. दोन जाड मातीच्या भिंतींमध्ये सोडलेली पोकळी. वरून ज्वारी ओतायची, खाली हातभर तोंड, त्याला फळी. बाहेरून पाहिलं तर नुसती भिंत. पेवही तसंच, जमिनीत खोदलेलं आणि वरून लिंपून टाकलेलं. रझाकाराच्या आठवणींत ही बळदं आणि पेवं पुन्हापुन्हा येतात, कारण धान्यासारखीच माणसंही त्यांत लपली. वीस कोसांवरून आलेल्या हत्यारबंद माणसाला बळद दिसत नाही. ते कुठं आहे हे कुणाला ठाऊक असतं? ते बांधणाऱ्या गवंड्याला, फळी बसवणाऱ्या सुताराला, सुगीत डोक्यावरून पोती वाहून आणणाऱ्या सालगड्याला, वाटणीत ते घर न मिळालेल्या चुलतभावाला. यांतल्या एकानं बोट दाखवलं की संपलं. आणि यांतलाच दुसरा एखादा त्याच बळदात शेजाऱ्याच्या पोरांना बसवून फळीला पाठ लावून उभा राहतो. दोघांच्याही हाती एकच गोष्ट होती, त्या घराची ओळख.

स्टाथिस काल्यवास या ग्रीक राज्यशास्त्रज्ञानं ग्रीसमधल्या अर्गोलीद भागाचा, १९४३-४४ सालातल्या एकेका गावाचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये यादवीतल्या हिंसेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वरच्या पातळीवर पक्ष, धर्म, क्रांती, राष्ट्र लढत असतात. खाली गावात माणसं आपले जुने हिशेब चुकते करत असतात. वरच्याला खालची माहिती हवी असते, खालच्याला वरचं बळ हवं असतं, आणि या सौद्यात माणसं मरतात. म्हणून यादवीत मेलेल्या माणसाच्या मरणाची दोन कारणं असतात. एक फलकावर लिहायचं, दुसरं फक्त गावाला माहीत असलेलं. मौसलपर्व लिहिणाऱ्यानं सात्यकी आणि कृतवर्म्याच्या तोंडी घातलेलं भांडण मला म्हणूनच इतकं खरं वाटतं. शाप ऋषींचा होता, पण पहिला घाव पडला तो छत्तीस वर्षांपूर्वीच्या एका रात्रीवरून.

आणि बाजू? त्या बाहेरून दिसतात तितक्या सरळ कधीच नसतात. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध, भारतात सामील होण्याच्या बाजूनं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारलं गेलं. उलट दलितांचे नेते बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते, आणि औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर निजामाचे प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रसंघात गेले. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांच्यापैकी काहींना दिल्लीच्या राज्याची हमी पुरेशी वाटली नाही. तेलंगणात हिंदू देशमुखांना कम्युनिस्टांपेक्षा रझाकार परवडले. हिंदू विरुद्ध मुसलमान एवढं एकच लेबल या काळावर डकवणाऱ्यानं या माणसांना कुठल्या रांगेत उभं करायचं ते सांगावं.

नावाचा प्रश्न तेव्हाच जागतिक व्यासपीठावर गेला होता. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादनं सुरक्षा परिषदेकडं तक्रार केली. त्या तक्रारीचा पायाच असा होता की आम्ही स्वतंत्र राज्य आहोत आणि हा दोन देशांमधला वाद आहे. भारताचं म्हणणं, हा आमचा अंतर्गत मामला. म्हणून १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या तेव्हा नाव ठेवलं ते ‘पोलीस अ‍ॅक्शन’. रणगाडे आणि विमानं होती, पण शब्द पोलिसांचा, कारण पोलीस आपल्याच घरात जातात. बाहेरचं युद्ध, आतलं बंड, कायद्याची कारवाई, स्वातंत्र्याचा लढा: कुठलं नाव चालणार यावर गादी कुणाची हे ठरतं, आणि म्हणून यादवीत नावासाठीही लढाई होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४९ मध्ये, जिनिव्हा करारांच्या तिसऱ्या कलमात देशांतर्गत लढाईतल्या निःशस्त्र माणसांना पहिल्यांदा संरक्षण मिळालं. तिथंही गृहयुद्ध हा शब्द राष्ट्रांनी टाळला आणि ‘आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा नसलेला सशस्त्र संघर्ष’ असं लांबलचक नाव दिलं. आपल्या घरात यादवी आहे हे कुठलंच सरकार सहजी कबूल करत नाही.

१७ सप्टेंबरला निजामानं शरणागती जाहीर केली. कारवाईला पाच दिवसही लागले नाहीत. रझाकारांची दहशत संपली, लोकांनी मोकळा श्वास घेतला, आणि मराठवाडा तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो. तो आनंद खरा होता आणि त्यासाठी माणसांनी प्राण दिले होते. पालमच्या चौकात दरवर्षी ध्वज चढतो तो उगाच नाही.

पण हिशेब तिथं मिटला नाही. पुढच्या दिवसांत, काही भागांत पुढच्या आठवड्यांत, सूड उगवला गेला आणि तो ज्यांनी छळ केला त्यांच्यापुरता राहिला नाही. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांनी सोळापैकी नऊ जिल्हे पालथे घातले, शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांच्या साक्षी घेतल्या. हात राखून धरलेला त्यांचा अंदाज असा, की कारवाईच्या काळात आणि नंतर २७,००० ते ४०,००० माणसं मेली. सर्वांत जास्त हानी झालेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. यांतला नांदेड पालमच्या शिवेला लागून आहे. त्याच अहवालात रझाकारांची पद्धतही नोंदली आहे. गावावर महिन्याची खंडणी बसवायची, दिली तर ठीक, नाही दिली तर लूट. हा अहवाल कित्येक दशकं सरकारनं प्रसिद्ध केला नाही.

मघाच्या फूटपट्टीनं मोजलं तर यातले बहुतेक मृत्यू लढाईतले धरता येत नाहीत. मारणारा हत्यारबंद, मरणारा रिकाम्या हातांचा. म्हणजे लढाई झाली ती यादवी नव्हती, आणि यादवी झाली ती लढाई नव्हती. माझ्या मते तरी या भागाच्या बाबतीत फूटपट्टी अपुरी पडते आणि जुना शब्द पुरा पडतो. स्वातंत्र्याच्या न्याय्य लढ्याच्या पोटात यादवी वाढू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. एकीचं नाव घेतलं की दुसरीचा अपमान होतो असं समजून आपण निम्मा इतिहास बळदात टाकून वर फळी लावली आहे.

प्रभासच्या गोष्टीत शेवटी लढणाऱ्यांपैकी कुणी उरत नाही. द्वारका समुद्रात जाते. खेड्याला ती सोय नसते. १९४९ च्या पेरणीला दोन्हीकडची माणसं त्याच शिवारात होती. पाणवठा तोच, चक्की तीच, पोरांची शाळा तीच. ज्याच्या भावाला मारलं तो, आणि ज्यानं घर दाखवलं तो, बाजाराच्या दिवशी एकमेकांसमोरून गेले असतील. अशा ठिकाणी माणसं गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं म्हणजे विसरणं नव्हे. म्हातारी माणसं लपल्याचं सांगतात, पळाल्याचं सांगतात, कुणी भाकरी आणून दिली तेही नावानिशी सांगतात. घर कुणी दाखवलं, या प्रश्नाशी मात्र बोलणं पावसापाण्यावर येतं.

सुंदरलाल समितीच्या त्या अहवालात एक नोंद आहे. पुष्कळ ठिकाणी हिंदूंनी मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवलं, आणि एकाच धंद्यातल्या माणसांत हे जास्त दिसलं. विणकर हिंदूंनी विणकर मुसलमानांना राखलं, त्यात काहींचे स्वतःचे जीव गेले. समितीनं कारण दिलेलं नाही. मला वाटतं, पांजणी पाहिलेल्या माणसाला ते ओळखता येईल. ताण्याला खळ द्यायची तर आख्ख्या गल्लीची लांबी लागते. सकाळच्या उन्हाआधी सूत ताणून दोन्ही टोकांना माणसं उभी राहतात, मधे कुंचला घेऊन दोघं-तिघं पुढं सरकत जातात, आणि खळ वाळायच्या आत सगळा ताणा सारखा व्हावा लागतो. एका घरच्या माणसांनी ते होत नाही. आज याच्या दारात, उद्या त्याच्या, अशी हातांची उसनवारी चालते.